डिस्चार्ज कार्डावर पत्ता काय लिहायचा?

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका,
तसेच महिला व बालकल्याण समिती आणि समाज विकास विभाग

विषय : बेघर गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि एकट्या आयांसाठी शहरात निवारा उघडण्याबाबत

स. न. वि. वि.

मी परिचारिका होते. नोकरीची बरीचशी वर्षं ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये आणि पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. आता निवृत्त आहे, कळव्याला राहते. पत्र तक्रारीचं आहे, पण बाळंतपणाच्या खर्चाबद्दल किंवा औषधांबद्दल नाही. ते काम सुधारलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. २०११ च्या जूनमध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. त्याआधी रात्री दोन वाजता हातात चिठ्ठी घेऊन नवरे उघडं मेडिकल शोधत फिरायचे, रक्ताच्या पिशवीसाठी अंगावरचं किडुकमिडुक गहाण पडायचं. आता नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त सगळं फुकट. नॉर्मलला तीन दिवस जेवण, सिझरला सात दिवस. घरून आणायला गाडी आणि घरी सोडायला गाडी.

माझी तक्रार या शेवटच्या गाडीपासून सुरू होते.

एका पावसाळ्यात आमच्या वॉर्डात जिंतूरकडची एक बाई होती. नवऱ्याबरोबर घोडबंदर रोडला बिल्डिंगच्या कामावर आलेली. सातव्या महिन्यात नवरा 'गावाला जाऊन येतो' म्हणून गेला तो गेलाच. साइटवरची खोपटी मुकादमाने दुसऱ्या जोडीला दिली, कारण कामावर जोडी लागते, एकटी पोटुशी बाई कोणाला नको असते. पुढचे दिवस तिने स्टेशनच्या आसपास काढले. कळा सुरू झाल्या तेव्हा तिथेच फुलं विकणाऱ्या एका मावशीने तिला रिक्षात घालून आमच्याकडे आणलं. नावनोंदणी नाही, सोनोग्राफी नाही, हिमोग्लोबिन सात, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. अशा केसला आम्ही 'अनबुक्ड' म्हणतो, आणि हा शब्द उच्चारताना लेबर रूममधल्या सगळ्यांचा आवाज जरा चढतो, कारण पुढे काय निघेल सांगता येत नाही. नशिबाने सगळं नीट झालं. मुलगा, दोन किलो शंभर ग्रॅम.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. गाडीच्या ड्रायव्हरने फॉर्म काढला. "पत्ता सांगा ताई."

"ठेसन."

"स्टेशनजवळ कुठं? बिल्डिंग, चाळ, कायतरी सांगा."

"त्या मोठ्या पुलाच्या जिन्याखाली."

स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाचा जिना. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी इन्चार्ज सिस्टरकडे बघितलं, इन्चार्ज सिस्टरनी खिडकीबाहेर बघितलं. शेवटी त्याने फॉर्मवर 'ठाणे स्टेशन, प.' लिहिलं, किलोमीटर टाकले, तिचा अंगठा घेतला. कागदोपत्री त्या बाळंतिणीला सुखरूप घरी पोचवलेलं आहे.

ड्रायव्हरचा यात काही दोष नाही. जाताना त्याने स्वतःच्या खिशातून तिला बिस्किटाचे पुडे घेऊन दिले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. फॉर्ममध्ये जेवढ्या रकान्यांची सोय होती, तेवढं काम त्याने केलं.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाठवत नाहीत. अंगाला तेल, शेकशेगडी, डिंकाचे नाहीतर अळिवाचे लाडू, कानाला घट्ट रुमाल. यातल्या निम्म्या गोष्टींवर डॉक्टर नाक मुरडतात, मुरडू देत. मूळ हिशेब शहाणपणाचा आहे: तेवढे दिवस बाईला अंथरूण हवं आणि हातात ताट देणारं कोणीतरी हवं. वैद्यकातही बाळंतपणानंतरचे ४२ दिवसच मोजतात. आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी जायचे दिवसही ठरलेले आहेत, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. जिन्याखालच्या बाळाकडे यातल्या कुठल्या दिवशी कुठल्या आशाताईने जायचं? तिच्या वहीत घरं असतात, घर क्रमांक असतात. ज्या बाळाला घरच नाही ते वहीत येणार कुठून?

आणि त्या ४२ दिवसांत काय काय होतं, ते वॉर्डाबाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं, म्हणून सांगते. टाके ओले राहिले की पू धरतात. अंगावरून जास्त जायला लागलं तर बाईला स्वतःला कळेपर्यंत उशीर होतो, आणि जिचं हिमोग्लोबिन आधीच सात, तिच्याकडे घालवायला रक्तच नसतं. दोन किलोचं बाळ पावसाळी वाऱ्यात तासाभरात गार पडू शकतं. त्याला ऊब द्यायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आईने उघड्या छातीशी धरून ठेवणं. त्याला खर्च शून्य, पण पाठीला भिंत लागते आणि समोर कोणी उभं राहून बघत नाही एवढा आडोसा लागतो. स्टेशनबाहेर बसलेली बाई छाती उघडी टाकून बाळाला कांगारूसारखं धरेल का, याचं उत्तर कुठलीही बाई देईल.

बाळंतपणाआधीचे दोन महिनेही असेच. रस्त्यावरची गरोदर बाई संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. रात्री लघवीला जायचं कुठे? सुलभ शौचालयात प्रत्येक वेळी पैसे, आणि अंधारात आडोशाला गेलं तर मागे कोण येईल सांगता येत नाही. पाणी कमी, मग लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, मग ताप, मग महिना पुरा व्हायच्या आत कळा. आमच्याकडे अपुऱ्या दिवसांची बाळं यायची, त्यांच्या आयांच्या केस पेपरवर 'यूटीआय', म्हणजे हाच लघवीचा संसर्ग, लिहिलेलं असायचं. त्यामागचं कारण, दार लावता येईल असा संडास नव्हता, हे लिहायला केस पेपरवर जागा नसते. लोहाच्या गोळ्या ओपीडीत फुकट मिळतात, पण पिशवी उशाला घेऊन झोपलं तरी सकाळी पिशवी असेलच असं नाही.

आता निवाऱ्यांबद्दल. शहरात निवारे असावेत हा मी केलेला शोध नाही. अन्न-अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून बेघरांच्या निवाऱ्याचा विषय लावून धरला. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्याच्या नियमात शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे किमान १०० माणसांची सोय असलेले कायमचे निवारे असावेत असं आहे. माणशी ५० चौरस फूट जागा, चोवीस तास उघडं दार. बायका आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली लहान मुलं यांच्यासाठी वेगळी सोय. निवाऱ्यातल्या माणसांना रेशन, दवाखाना, अंगणवाडी, पेन्शन यांच्याशी जोडून देणं हेही त्याच नियमात आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. तेव्हाचाच आकडा धरला तरी १८०० माणसांची सोय व्हायला हवी. त्यानंतर घोडबंदरला आणि दिव्याला किती माणसं राहायला आली ते लोकलच्या गर्दीला विचारा. आज शहरात निवारे किती, त्यातले बायकांसाठी किती आणि त्यात गरोदर बाईला घेतात की नाही, हे तीन आकडे महापालिकेने प्रत्येक प्रसूतिगृहाच्या दारावर लावावेत, ही माझी पहिली मागणी. त्याला निविदा लागत नाही, एक फ्लेक्स पुरतो, आणि फ्लेक्स लावण्यात आपलं शहर कोणाला हार जाणारं नाही.

गरोदर बाईला घेतात की नाही हे मी मुद्दाम विचारते आहे. आमच्या वॉर्डातून मी एकदा आपल्या पट्ट्यातल्या एका निवाऱ्यात फोन लावला. नाव सांगत नाही, कारण पलीकडचा माणूस सज्जन होता. जागा आहे म्हणाला. आठवा महिना आहे म्हटल्यावर गप्प झाला. मग म्हणाला, "सिस्टर, रात्री माझ्याकडे मी एकटा असतो. इथंच बाळंत झाली तर? काही वाईटवाकडं झालं तर नाव माझं येणार."

बरोबर बोलला तो. त्याला पगार किती, त्याला शिकवलं कोणी, त्याच्याकडे साधी स्वच्छ चादर तरी आहे का? साध्या निवाऱ्यात गरोदर बाई ठेवणं तिच्याही जिवाला धोक्याचं आणि राखणदाराच्याही. म्हणून 'आहेत त्या निवाऱ्यांत सामावून घ्या' असं परिपत्रक काढून हा विषय मिटवू नका, ही विनंती. परिपत्रक निघेल, फाइलला लागेल, आणि तो माणूस फोनवर पुन्हा तेच बोलेल.

एकट्या आयांचा त्रास वेगळा. मुलगा तान्हा असेपर्यंत त्याला आईबरोबर बायकांच्या निवाऱ्यात चालवून घेतात. तो आठ-दहा वर्षांचा झाला की कुरकुर सुरू होते. इतर बायकांना अवघड होतं, हेही खरंच आहे. मग आईला सांगतात, पोराला बालगृहात टाक, तू राहा. ती काय करते? पोराला घेऊन पुन्हा रस्त्यावर जाते. ज्या मुलासाठी नवऱ्याचा मार सोसला नाही, घर सोडलं, त्याच मुलाला सोडून छप्पर घ्यायचं असेल तर बहुतेक बायका छप्पर सोडतात. एका घरात चार-पाच लहान खोल्या केल्या, कुटुंबाला एक, तर हा प्रश्न भिंतींनीच सुटतो. मोठा हॉल आणि ओळीने खाटा हीच निवाऱ्याची एकमेव आकृती आहे असं कोणी ठरवलंय?

अत्याचार झालेल्या बायकांसाठी सरकारची सखी केंद्रं आहेत, तिथे तात्पुरती राहायची सोय असते, पाच दिवसांपर्यंत. मार खाऊन आलेल्या बाईला पहिल्या धक्क्यातून सावरायला ते ठीक. बाळंतिणीचे पाच दिवस दूध नीट उतरण्यातच जातात.

आता पैशाचं बोलते, कारण या मागणीवर पहिलं उत्तर 'निधी नाही' असंच येतं. अशा बाईच्या नावाने सरकारने बरेच पैसे ठेवलेले आहेत, ते तिला भेटत नाहीत एवढंच. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५ हजार, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. पूर्वी त्यात नवऱ्याचं आधार कार्ड मागायचे. टाकलेल्या आणि एकट्या आयांना घेता यावं म्हणून नव्या नियमात ती अट काढली, हे चांगलं झालं. बांधकाम कामगार मंडळात नोंद असलेल्या बाईला नॉर्मल बाळंतपणाला १५ हजार आणि सिझरला २० हजार मिळतात, पण वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला द्यायला मुकादम तयार नसतो. बाल संगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये, पण महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा हवा. बेघर बाईने १५ वर्षं कुठे राहिल्याचा पुरावा आणायचा, हे योजना आखणाऱ्याला कोणीतरी विचारायला हवं होतं.

या सगळ्याला बँकेचं खातं लागतं, खात्याला आधार लागतं आणि आधारला पत्ता लागतो. निवारा छप्पर देतो ते तर देतोच, त्याहून मोठी गोष्ट तो पत्ता देतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर तो आधारसाठी चालतो. म्हणजे एका बाईला दोन महिने एका जागी ठेवलं तर तिचं आधार होतं, खातं उघडतं, मातृवंदनाचा अर्ज जातो, बाळाचा जन्मदाखला हातात येतो, दीड महिन्याची लस त्याच वस्तीतल्या आरोग्य केंद्रात होते आणि अंगणवाडीत दोघांचं नाव लागतं. ही माळ पहिल्या मण्याशीच तुटते म्हणून पुढचं सगळं घरंगळून जातं.

एक गंमत सांगते, कडवट आहे. बेघर माणसाचं नाव मतदार यादीत घालायचं असेल तर त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागत नाहीत. तो जिथे झोपतो म्हणतो तिथे अधिकारी रात्री जाऊन बघून येतो, तो खरंच तिथे झोपला असेल तर नाव लागतं. असा समंजस नियम या देशात लिहिलेला आहे. मतासाठी रात्री चालत जाता येतं, तर बाळंतिणीसाठीही येईल.

पुढचा मुद्दा नाजूक आहे आणि तो टाळून हे पत्र पुरं होणार नाही. यातल्या सगळ्याच काही नवऱ्याने टाकलेल्या नसतात. लग्न न झालेल्या असतात, विधवा असतात, जबरदस्ती झालेल्या असतात, काही तर अजून अठराच्याही नसतात. यांना वॉर्डात काय ऐकावं लागतं ते मी ऐकलेलं आहे. "तेव्हा कळलं नाही का?" हे वाक्य आमच्याच लोकांच्या तोंडी सगळ्यात जास्त असतं, आणि ते कळांच्या मध्ये बोललं जातं. मग नातेवाइकांपासून आयाबाईपर्यंत जो तो बाळाचं काय करायचं ते ठरवायला लागतो. कोणी म्हणतं ठेवू नकोस, कोणी म्हणतं टाकतेस कशी. खरं तर कायद्याने इथे घाईला जागा ठेवलेली नाही. बाल न्याय कायद्यानुसार आईने बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवलं तरी फेरविचाराला तिला दोन महिने असतात. पण हे दोन महिने ती राहणार कुठे? रस्त्यावर राहून घेतलेला निर्णय तिचा नसतो, भुकेचा असतो. डोक्यावर छप्पर आणि पोटात अन्न असताना बाई मूल सोपवायचं म्हणाली, तर तो तिचा निर्णय, आणि त्याला मान द्यावा.

हे आपल्याला नवं वाटावं याचंच मला आश्चर्य वाटतं. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्यांनी ते लपवून ठेवलं नाही. भिंतींवर जाहिराती लावल्या: विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांच्या खुशीवर. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, त्याला शिकवून डॉक्टर केलं, आणि तो यशवंत प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करत होता. १८७५ मध्ये पंढरपूरला तसंच गृह निघालं. त्या काळात पालिकांकडे ना निधी होता ना अभियान. सावित्रीबाईंच्या नावाने आपण दर ३ जानेवारीला कार्यक्रम करतो, हार घालतो, शिलाई मशीनचं वाटप करतो. हार घाला, मशीनही वाटा. पण त्यांनी काढलेली संस्था ठाण्यात कोणत्या रस्त्याला आहे, असं एखाद्या पोरीने विचारलं तर आपल्याला बोट दाखवता यायला हवं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर दिल्लीचं आहे. २०१० मध्ये भर बाजारात एका बेघर बाईने बाळाला जन्म दिला आणि चार दिवसांत ती तिथेच वारली. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि निराधार गरोदर व स्तनदा स्त्रियांसाठी वेगळे निवारे उघडायला सरकारला सांगितलं. तसा मृत्यू आणि तशी दखल ठाण्यात होईपर्यंत थांबू नये, एवढंच म्हणते.

आता मला नक्की काय हवंय ते.

एक घर. वीस-पंचवीस बायकांचं, त्याहून मोठं नको, कारण मोठं झालं की वसतिगृह होतं आणि मग तिथे अधीक्षक, घंटा आणि नियमांचा बोर्ड येतो. प्रसूती विभाग असलेल्या पालिकेच्या कुठल्याही दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांत पोचता यावं. मुंब्रा, कळवा, कोपरी, वर्तकनगर, कुठेही चालेल. आत यायला सातवा महिना लागलेला असणं पुरे, कागद मागू नये. कागद आत आल्यावर करता येतात. बाहेर पडायची तारीख तिच्या तब्येतीवर आणि कामाच्या सोयीवर ठरावी, पण बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिला 'कधी जाणार' असं कोणी विचारू नये. तोवर ते नुसत्या अंगावरच्या दुधावर असतं.

रात्रपाळीला एक एएनएम, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली नर्स, असावी. डॉक्टर रोज लागत नाही. आठवड्यातून एकदा येऊन रक्तदाब, वजन, लघवी बघून गेला तरी चालेल, बाकी तपासणीला बायका दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांसाठी भरणाऱ्या मातृत्व अभियानाच्या ओपीडीत जातील. १०८ ला फोन कधी लावायचा हे स्वयंपाकाच्या मावशीलासुद्धा पाठ असावं: डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, अंगावरून भळाभळा जातंय. चार वाक्यं आहेत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिता येतात.

आणि दाराला बाहेरून कुलूप नको. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते. रस्त्यावरच्या बाईला 'संस्थेत चल' म्हटलं की १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेणारी गाडी आठवते. वर्ष-दोन वर्षं आत गेलेल्या बायका तिला माहीत असतात. आमच्याकडून किती तरी बायका डिस्चार्जच्या आदल्या रात्री बाळाला घेऊन निघून जायच्या. रजिस्टरमध्ये 'फरार' असा शेरा पडायचा. गुन्हेगाराला लावायचा शब्द बाळंतिणीला. त्या पळायच्या कारण कोणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं की उद्या तुला होममध्ये पाठवणार. म्हणून घर असं हवं की तिला कामाला जाता यावं, फोन जवळ ठेवता यावा, मैत्रिणीला भेटता यावं. बाळाला सांभाळायला पाळणाघर त्याच घरात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून या बायकांना कामच हवं असतं, समुपदेशन नंतर. पोळीभाजी केंद्रं, हॉस्पिटलातली आयाबाईची कामं, बचत गट, यातलं काहीतरी घराला जोडून घ्या.

जन्मदाखल्यासाठीही एक लेखी सूचना काढा. अविवाहित आईला बापाचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, तिच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. न्यायालयाचा निकाल खिडकीवरच्या कारकुनाने वाचलेला नसतो, साहेबांची सूचना मात्र तो वाचतो.

हद्दीचा घोळही मिटवा. विटाव्यापुढे दिघा लागला की नवी मुंबई, दिव्यापुढे कल्याण-डोंबिवली. बाई रेल्वेने फिरते, तिला हद्द कळत नाही. पण दवाखान्यात 'कुठून आलात' विचारून तिकडच्या तिकडे पाठवायची पद्धत आहे. शेजारच्या पालिकांशी एक साधा करार करा, ज्याच्या दवाखान्यात बाळंत झाली त्याने निवारा द्यायचा, हिशेब नंतर करायचा.

महिला व बालकल्याणासाठी पालिकेच्या अंदाजपत्रकात ५ टक्के निधी राखायचा शासनाचा दंडक आहेच. आणि महापालिकेला हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. २०१६ मध्ये तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नलवरच्या मुलांसाठी शाळा उभी राहिली. तेव्हाही लोक म्हणाले होते, ही पोरं टिकणार नाहीत. पुलाखाली कंटेनरमध्ये वर्ग भरले, आंघोळीची सोय झाली, पोरं दहावी झाली. ज्या शहराने सिग्नलवरच्या मुलांसाठी एवढं केलं, त्याने त्या मुलांच्या आयांसाठी थोडं आधी सुरुवात करावी, इतकीच माझी मागणी.

काम कोण करणार हा प्रश्न उरतो. माझ्या ओळखीच्या निवृत्त सिस्टर्स आठवड्याच्या पाळ्या लावून घ्यायला तयार आहेत, पगाराशिवाय, पहिलं वर्षभर. त्यात लेबर रूमच्या आहेत, एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या आहेत, एक तर अशी आहे की तिच्या हाताखाली ज्युनियर डॉक्टर थरथर कापायचे. अंदाजपत्रक मांडलं जायच्या आधी आमच्यापैकी चौघी-पाचजणींना अर्धा तास द्या. येताना जागांची यादी घेऊन येऊ. भाडं किती, दवाखाना किती मिनिटांवर, जिन्याला कठडा आहे का आणि वरच्या मजल्यावर पाणी चढतं का, हे सगळं त्यात लिहिलेलं असेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कळवा, ठाणे